आइवारच्या नावानं

फिन्स्नेस, नॉर्वे
२९ ऑक्टोबर २०२३

ती. माइरेताईस,
आइवारचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. दुसऱ्या दिवसापासून कामावर आहे. सॅमन माशाला आपल्या घरात कोण गेलं याच्याशी देणंघेणं नसतं, कारखान्याच्या पट्ट्यावरून तो येतच राहतो. माझ्या हातचं पत्र बघून तू बुचकळ्यात पडली असशील. शाळा सुटल्यापासून एवढं सलग मी कधी लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आईच्या मातीनंतर चर्चच्या सभागृहात कॉफीला बसलो होतो, तेव्हा शेजारची एल्वी माझ्याजवळ आली. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाली की अर्ध्या कार्डला गावाची मुलं फिनलंड-नॉर्वेला गेली, पण दर रविवारी आईला एवढं मनापासून लिहिणारा तूच एक. तुझी आई लाइने ते मला वाचून दाखवायची, एकदा वाचून तिचं भागायचं नाही. मग तिनं माझा गुडघा आता कसा आहे म्हणून विचारलं. ताई, माझ्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. म्हातारी कुणाच्या तरी मुलाशी माझी गल्लत करतेय असं समजून मी बरा आहे म्हणालो आणि केकची बशी घेऊन उठलो.

इथं आल्यावर मात्र ते डोक्यातून जाईना. माझं मेसेजचं जुनं खातं आठवलं. फोन समुद्रात पडला त्यानंतर ते मी उघडलंच नव्हतं. पासवर्ड परत मिळवायला दोन दिवस गेले. आत माझ्या नावानं आईला लिहिलेले ब्याऐंशी मेसेज आहेत. पहिला फेब्रुवारी बावीसचा, शेवटचा आईच्या ऑपरेशनच्या आदल्या रविवारचा. ब्याऐंशीपैकी मी एकही लिहिलेला नाही.

कुणी लिहिले ते विचारत नाही. तिसऱ्याच पत्रात मी बाबांनी रंगवलेल्या बर्फावरच्या निळ्या गाडीची आठवण काढतो. ती गाडी माहीत असलेली माणसं आता जगात दोनच उरलीत, आणि त्यांतला एक मी.

मला फक्त का ते सांग. मेसेज करू नकोस. फोनही नको, फोनवर तू रडशील आणि मी जाऊ दे म्हणून मोकळा होईन. हातानं लिही. पडद्यावर कोण बोलतंय ते मला आता कळेनासं झालंय.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही असू दे.

तुझा,
आइवार (खरा)


कार्डला, हीऊमा बेट, एस्टोनिया
१२ नोव्हेंबर २०२३

चि. आइवार यास,
माइरेताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र ग्रंथालयात आलं. टपालवाल्या बाईंनी नॉर्वेचं तिकीट बघून कोण म्हणून विचारलं, मी भाऊ म्हटलं, आणि दिवसभर ते पाकीट पुस्तकांच्या गाडीवर तसंच ठेवलं. आत काय असणार ते मला माहीत होतं. मातीच्या दिवशी एल्वी तुझा हात धरून बोलत होती तेव्हा मी समोर बटाट्याची कोशिंबीर वाढत होते. माझ्या हातातला चमचा थांबला होता. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, तेव्हा वाटलं, वाचले.

कसं सुरू झालं ते सांगते. आईला फोनवर ऐकू येणं बंद झालं, म्हणून आमच्या ग्रंथालयातल्या वर्गात मीच तिला टॅबलेट शिकवला. ऐंशी वर्षांची बाई आठ दिवसांत टाइप करायला लागली, तुला आठवत असेल. एकवीसच्या नाताळला तू आलास, माझ्या जुन्या संगणकावर तुझं खातं उघडून तिला बोटीचे फोटो दाखवलेस आणि ते तसंच उघडं टाकून परत गेलास. मग तुझा फोन गेला. ती रोज सकाळी चहाआधी टॅबलेट उघडायची आणि तू काही लिहिलंयस का ते बघायची. दिवसातून किती वेळा ते मी मोजणं सोडून दिलं. सातव्या आठवड्यात तिनं जेवण कमी केलं. मी तुला नव्या नंबरवर फोन केला, तू घाईत होतास, म्हणालास की तिला सांग मी बरा आहे, काम फार आहे, थंडी मरणाची आहे.

तेच मी तिला लिहिलं, आइवार. तुझेच शब्द, तुझ्याच खात्यातून. मी स्वतःला म्हटलं की मी फक्त निरोप पोचवतेय. संध्याकाळी तिच्याकडे गेले तर तिनं लेस्ट मासळी भाजून ठेवली होती, दोन माणसांची. टॅबलेट माझ्यासमोर धरून म्हणाली की बघ, आला त्याचा. मला माझीच ओळ मोठ्यानं वाचून दाखवावी लागली.

पुढच्या रविवारी ती पुन्हा वाट बघत होती. मग थांबायचं कुठं ते मला सापडलं नाही. व्हिडिओवर बोल म्हणून ती मागे लागली, तेव्हा तुमच्या तिथं नेट कमजोर आहे असं मी लिहिलं. तू उन्हाळ्यात आला नाहीस, त्याला कारण हवं होतं, म्हणून तुझा गुडघा दुखवला. त्याबद्दल माफी मागते, गुडघ्याची तेवढी तरी मागता येते.

आणखी एक आहे, ते मला कुणालाच सांगता आलेलं नाही. ती तुला जे लिहायची ते मी वाचायचे. त्यात मी असायचे. माइरे रोज येते पण कोट न काढताच बसते, असं तिनं तुला लिहिलं होतं. माइरे औषधं मोजते, मला मात्र बघत नाही. माइरे लहानपणी किती गात असे, आता तिला आठवण करून दिली तर चिडते. माणसानं आपल्या पाठीमागे बोललेलं ऐकू नये, आणि मी तर दर रविवारी ऐकायला बसायचे. दुसऱ्या दिवशी गेल्यावर मी कोट काढून खुंटीला लावला. तिला बरं वाटलं हे तिनं तुलाच कळवलं.

मी चुकले हे मला ठाऊक आहे. तरी त्या दीड वर्षात मला माझी आई जेवढी कळली तेवढी आधीच्या पन्नास वर्षांत कळली नव्हती. ती चोरून कळली, त्याला काय करू?

तुझा राग पोचला. लोभाची अर्धी ओळ मी परत परत वाचली. प्रकृतीला जप.

तुझी,
माइरेताई


फिन्स्नेस
३ डिसेंबर २०२३

ती. माइरेताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी इथं सूर्य शेवटचा दिसला. आता जानेवारीपर्यंत दुपारीही निळाच उजेड. मी रोज कामावरून आल्यावर त्या ब्याऐंशीतलं एक वाचतो, आणि त्याला आलेलं आईचं उत्तर. एकदम वाचवत नाही. गेल्या हिवाळ्यापर्यंत पोचलोय, तिचं सरपण ओलं निघालं होतं तो.

पहिले आठ दिवस तुझ्यावर भयंकर चिडलो होतो. मग हसू यायला लागलं. तू माझी सिगरेट सोडवलीस. मला इथल्या एस्टोनियन मंडळींच्या गायकवृंदात घातलंस. ताई, मला सूर आहे का? तुझ्या पत्रांतला आइवार भाजीचं सूप करतो, शेजाऱ्याच्या दारातला बर्फ काढतो आणि आईला गुडघ्यावर कोबीचं पान बांधू का म्हणून विचारतो. असा मुलगा मला असता तर मीही सगळ्या गावाला वाचून दाखवलं असतं. त्याच्याशेजारी मी कसा दिसतो ते तुला सांगायला नको.

तू कारण दिलंस, तर मीही देतो. मला काही झालं नव्हतं. दारू नाही, आजार नाही. फोन पडला, नवा घेतला, पहिल्या आठवड्यात लिहायचं राहिलं. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, आता लिहायचं तर उशीर का झाला ते आधी लिहावं लागेल. तिसऱ्या आठवड्यात ते कारण आणखी मोठं लागणार होतं. एवढंच. महिना गेला की माणूस त्या बाजूला बघतच नाही. आणि तू फोनवर सांगितलंस की आई आता बरी आहे, जेवते, हसते. मला वाटलं, माझ्यावाचून तिचं चाललंय. सुटलो असं वाटलं, ताई. खरंच तसं वाटलं.

फोन तर दिवसभर हातात असायचा. जेवणाच्या सुट्टीत आम्ही बारा जण एका टेबलाला बसतो आणि बाराही जण आपापल्या फोनवर. अनोळखी माणसांची भांडणं मी तासन्‌तास वाचली आहेत. कुणाच्या मांजरीचं काय झालं ते मला माहीत आहे. आईचं सरपण ओलं होतं ते मला वर्षानं कळतंय.

कोटाचं वाचलं. तिनं बावीसच्या उन्हाळ्यात लिहिलंय की माइरे हल्ली बसते, कपडे वाळत घालताना परवा गुणगुणत होती, मी ऐकलं नाही असं दाखवलं. हे तू वाचलंयस हे मला ठाऊक आहे, तरी मुद्दाम लिहितो. कुणीतरी उघडपणे तुला सांगायला हवं होतं.

नाताळला येणं जमणार नाही, पाळी बदलून मिळाली नाही. हे कारण खरं आहे, हवं तर मुकादमाची सही पाठवतो.

आईच्या थडग्यावर माझ्याकडून एक मेणबत्ती लाव. यावेळी मी सांगितलंय म्हणून लाव.

तुझा थोडा निवळलेला,
आइवार


कार्डला
१७ डिसेंबर २०२३

चि. आइवार यास,
अनेक आशीर्वाद.

मेणबत्ती लावली. बर्फात खड्डा करून ठेवली, म्हणजे वारा लागत नाही. तुझ्या नावानं लावली असं मोठ्यानं म्हणाले, आजूबाजूला कुणी नव्हतं.

तू रोज एक वाचतोस, म्हणजे नाताळपर्यंत तू ऑगस्टला पोचशील. तू तिथं पोचायच्या आत हे पत्र पोचावं म्हणून घाईनं लिहिते आहे.

ऑगस्टमध्ये आईच्या हृदयाची झडप बदलायची की नाही ते ठरवायचं होतं. टालिनचे डॉक्टर सरळ बोलले. केलं नाही तर एखाद-दोन हिवाळे, केलं तर बरीच वर्षं मिळतील, पण या वयात दहातले दोन जण उठत नाहीत. मी कर म्हणत होते. ती हो म्हणेना, नाहीही म्हणेना. मग तिनं तुला लिहिलं. ते तू वाचशीलच, तरी मी लिहिते, कारण मला ते पाठ आहे: “माइरे म्हणते करून घे. तिला सगळं उरकायची घाई असते. तू सांग. तू म्हणशील तसं करीन.”

तीन दिवस मी उत्तर दिलं नाही. त्या तीन दिवसांत तुला फोन केला होता, आठव. तू पट्ट्याशी उभा होतास, मागे यंत्रांचा आवाज होता, मला त्यातलं काही कळत नाही, तुला योग्य वाटेल ते कर, असं म्हणालास. मी फोन ठेवला आणि ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत बसून तुझ्या नावानं लिहिलं: “आई, करून घे. नाताळला मी येईन तेव्हा तू दारात उभी दिसली पाहिजेस.”

दुसऱ्या दिवशी तिनं बॅग काढली. लोकरीचे मोजे आधी भरले.

माझं तिनं ऐकलं नव्हतं. तुझं ऐकलं. मला हरायचं नव्हतं म्हणून मी तुझा आवाज वापरला, आणि वर तुझ्या येण्याचं आमिष दाखवलं. तिला जगवायचं होतं म्हणून केलं, असं मी तीन महिने स्वतःला सांगते आहे. तेही खरं आहे. पण रोज किल्ली फिरवून दार उघडताना ती आत जमिनीवर पडलेली दिसेल या भीतीनं मी थकले होते, ही भीती संपावी असंही मला वाटत होतं. दोन्हीतलं कोणतं जास्त होतं ते आजही सांगता येत नाही. सप्टेंबरातल्या त्या मंगळवारी ऑपरेशन झालं, रविवारी ती गेली. डॉक्टरांनी सगळं नीट केलं होतं, त्यांना मी दोष देत नाही.

एल्वी अजून मला म्हणते की निदान आइवारनं सांगितल्यामुळे लाइने निश्चिंत मनानं गेली. मी मान हलवते.

आता तू काय लिहिशील ते लिही. काहीच लिहिलं नाहीस तरी समजेन. नाताळाला रक्ताचे सॉसेज तिकडच्या दुकानात मिळाले तर खा, एरवी मी पाठवले असते, पण आता तुझ्या दारी काही पाठवायचा मला संकोच वाटतो.

माइरे


फिन्स्नेस
२८ जानेवारी २०२४

ती. माइरेताईस,
नमस्कार.

उशीर झाला. यावेळी उशिराचं कारण सांगतो: दोन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात तुला जे जे लिहिलं ते इथं लिहीत नाही. तू माझ्या तोंडून आईला नाताळचा शब्द दिलास, ते मला गिळवेना. नाताळच्या दिवशी मी खोलीत बसून होतो आणि ती दारात उभी आहे असं दिसत होतं.

दुसरं पत्र मी तुला माफ करतो असं होतं. ते फाडलं, कारण ते खोटं होतं. माफ करणारा मी कोण? आईनं तो प्रश्न खरोखर मला विचारला असता तर मी काय केलं असतं ते मला नेमकं माहीत आहे. वाचला असता आणि फोन खिशात टाकला असता. ती वाट बघत बसली असती. ऑगस्टमध्ये तू विचारलंस तेव्हा मी तेच केलं. माझं उत्तर तेच होतं, ताई, तू त्याला नीट कपडे घातलेस एवढंच.

आता जे लिहितो ते लिहावं की नाही यावर तीन दिवस घालवले. वाटलं, गाडून टाकावं. मग वाटलं, आपल्या घरात एकमेकांच्या भल्यासाठी लपवणं आता पुरे झालं.

ब्याऐंशीवं पत्र संपल्यावर खाली आईचा आणखी एक मेसेज होता. तो कुणी उघडलेला नव्हता. सोमवार, १८ सप्टेंबर, दुपारचे पावणेतीन. म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. मी उघडला. जसाच्या तसा उतरवतो:

“आइवार, उद्या सकाळी नेणार आहेत. मला नको वाटतंय. माइरेला सांगवत नाही, तिनं एवढं सगळं जुळवून आणलंय. तू तिला सांग, तुझं ती ऐकेल. लवकर लिही. ती इथंच बसलीय.”

मी कारखान्यातला पाळ्यांचा तक्ता काढून बघितला. त्या सोमवारी मला सुट्टी होती. पावणेतीनला मी पलंगावर लोळत फोनवर पत्ते खेळत असणार, सुट्टीच्या दिवशी मी तेच करतो. फोन माझ्या हातात होता. पासवर्ड आधीच परत मिळवला असता, तर दोन बोटं हलवून ते खातं उघडलं असतं.

ते पत्र माझ्या नावाचं होतं. ते उघडायला मी हवा होतो. तू त्या वेळी तिच्याजवळ होतीस, तुला कसं कळणार? म्हणून सांगतो, हा दोष माझा आहे. तू घेऊ नकोस. तुझ्याकडे तुझे पुरेसे आहेत.

एप्रिलमध्ये रजा मिळतेय, दोन आठवडे. आलो तर चालेल का ते कळव.

तुझा,
आइवार


कार्डला
११ फेब्रुवारी २०२४

चि. आइवार यास,
माइरेताईचे आशीर्वाद, घ्यावेसे वाटले तर.

तू तो दोष स्वतःकडे घेतलास. तुझं पत्र वाचून मी ग्रंथालयाला कुलूप लावलं आणि बंदरापर्यंत चालत गेले. खाडी गोठली आहे. परत येताना ठरवलं की तुला हे घेऊ द्यायचं नाही, कारण तुला सगळं माहीत नाही.

तुझं खातं गेल्या वर्षापासून माझ्या फोनवरही होतं. त्या सोमवारी पावणेतीनला माझ्या खिशात फोन थरथरला. मी काढून बघितला. पडद्यावर आलं होतं की आइवारला आईचा मेसेज. मी आईच्या खाटेशेजारच्या खुर्चीत होते, हात लांब केला तर तिची चादर लागेल एवढ्या अंतरावर. तिच्या मांडीवर टॅबलेट होता. तुला लिहिलं हे मला दिसू नये म्हणून तिनं तो थोडा पलीकडे वळवला होता.

मी तो मेसेज उघडला नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मला वाटलं, नेहमीसारखं काहीतरी असेल, इथलं सूप अळणी आहे, नर्स चांगली आहे. ऐंशी रविवार मी तू झाले होते, आइवार, त्या दुपारी मला मीच राहायचं होतं. तिची मुलगी म्हणून शेजारी बसायचं होतं. आजचा एक दिवस त्या मेसेजला थांबू दे, असं मनात म्हणून मी फोन बंद करून पर्समध्ये टाकला आणि तिचा हात हातात घेतला. ती हसली. खूप दिवसांनी मला तिच्याजवळ छान वाटत होतं.

सहा वाजेपर्यंत ती दर थोड्या वेळानं टॅबलेटकडे बघत होती. एकदा मी विचारलं, “आई, कुणाची वाट बघतेयस का?”

ती म्हणाली, “नाही गं, असंच.”

मग नर्स आली. उद्यासाठी तो टॅबलेट कपाटात ठेवायचा होता. आईनं तो स्वतः बंद केला आणि माझ्या हातात दिला.

एवढंच मला तुला सांगायचं होतं. यातलं तुझं किती, माझं किती, ते मला वेगळं करता येत नाही. मी प्रयत्न करून बघितला. तू सगळं घेऊ नकोस, मला सगळं पेलत नाही, एवढंच मागते.

एप्रिलमध्ये ये. दुपारची बोट धर, सकाळच्या बोटीला वारा असतो. आईची खोली मी अजून आवरलेली नाही, एकटीनं हात लावायचं धाडस होत नाही. आपण दोघं मिळून आवरू, आणि तेव्हा जे बोलायचं ते समोरासमोर बोलू. मी ऐकेन. तू काहीही म्हणालास तरी.

तुझी बहीण,
माइरे